गोषवारा आणि बनाबाईचा ऊस

५ डिसेंबर १९८८, सोमवार

हंबीररावांनी आज पुन्हा माझा पाणउतारा केला. तोही फोनवर, म्हणजे शाहूपुरीच्या ऑफिसातल्या सगळ्यांना फक्त माझीच बाजू ऐकू येत होती. "हो साहेब. अजून नाही साहेब. चालू आहे साहेब."

हंबीरराव आमच्या साखर कारखान्याचे शेती अधिकारी. कुठल्या गावाला ऊसतोडीच्या किती टोळ्या धाडायच्या ते तेच ठरवतात. सकाळी कारखान्यावरून त्यांचा फोन आला, "मॅडम, आडसालीचा ऊस गाववार किती उभा हाय?" आडसाली म्हणजे दीड वर्ष शेतात उभा राहणारा ऊस. म्हटलं, सांगते. कॉम्प्युटरला प्रश्न घातला आणि बसले. तो बिचारा अकरा हजार प्लॉटांच्या ओळी पहिल्यापासून वाचायला लागला. प्रत्येक प्लॉटासाठी वजनकाट्याच्या पावत्यांच्या तक्त्यात जाऊन यायचं, त्यातला किती ऊस तुटून गेला ते बघायचं, की पुढची ओळ. चहा आला, पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी पडद्यावर नुसता ठिपका लुकलुकतोय. हंबीररावांचा दुसरा फोन आला, मग तिसरा. तिसऱ्या वेळी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. मी सायकलवर माणूस धाडलाय. त्यो तुमच्या आधी येतोय."

मला इतका राग आला की विचारू नका. राग त्यांचा आला आणि मशीनचाही आला.

हे मशीन पुण्याहून चाचणीवर आणलंय. कारखान्यावर भुशाची धूळ आणि विजेचा लपंडाव, म्हणून ते शाहूपुरीच्या शहर ऑफिसात, वातानुकूलित खोलीत ठेवलंय. चपला बाहेर काढून आत जायचं. फेब्रुवारीत संचालकांची सभा आहे. ठेवायचं म्हणाले तर मशीनही कायम आणि मीही कायम. नको म्हणाले तर मशीन पुण्याला जाईल आणि मी परत राजारामपुरीच्या क्लासमध्ये, दहावीच्या मुलांना त्रिकोणाचे कोन शिकवायला. मला कोनांचा वीट आलाय.

संध्याकाळी घरी वडिलांनी, म्हणजे दादांनी, नेहमीसारखं विचारलं, "आज यंत्र काय म्हणालं?" मी म्हटलं, "काहीच म्हणालं नाही, तेच तर दुखणं आहे."

८ डिसेंबर

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं!

आणि सापडलं कुठं, तर माईच्या ओट्यावर. माई आमटीत चटणी घालत होती. आमची वर्षाची कांदा-लसूण चटणी, उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाला भाजून, डंकावर कुटून बरणीत भरलेली. मी तिच्या हाताकडे बघत उभी राहिले. रोज आमटीसाठी कुणी मिरच्या वाळवायला बसत नाही. एकदा कुटून ठेवायची आणि चमचाभर काढायची. आणि मी काय करतेय? हंबीररावांनी दर वेळी विचारलं की गच्चीवर मिरच्या पसरतेय!

म्हणजे अकरा हजार ओळींची बेरीज आधीच करून एका वेगळ्या, छोट्या तक्त्यात ठेवायची. गावाला एक ओळ. रोज जीपमधून काट्याच्या पावत्या आल्या की त्या ओळीतून तेवढे टन वजा करायचे, सगळं पहिल्यापासून मोजायचं नाही. प्रश्न आला की त्या छोट्या तक्त्याला विचारायचं. ऑफिसात याला गोषवारा म्हणतात आणि महिन्याच्या शेवटी एकदा काढतात. माझा गोषवारा रोज ताजा असेल.

माई म्हणाली, "अशी काय बघतेस? तिखट झालीय का?" मी तिला मिठी मारली. तिला वाटलं, लग्नाला होकार देतेय. तिचा चेहरा इतका खुलला की खरं सांगताना मलाच वाईट वाटलं.

१२ डिसेंबर

तीन दिवस हाच ध्यास. गोषवारा करायचा हे सोपं, कशाचा करायचा हे अवघड. गाव हवंच. लागणीचा महिना हवा, कारण ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. उसाची जात हवी, ७४० का ७२१९. मग वाटलं पाण्याची सोय पण घालावी, ठिबक का पाट. मग वाटलं खोडवा, म्हणजे तुटल्यावर परत फुटलेला ऊस, का नवी लागण. असं एकेक घालत गेले आणि मोजून बघितलं, तर गोषवाराच मुळी मूळ तक्त्याएवढा व्हायला निघाला. सतरा बरण्या भरून ठेवल्या तर स्वयंपाकघरात उभं राहायला जागा उरत नाही.

मग हंबीरराव खरोखर काय विचारतात ते आठवलं. गाव, महिना, जात. फिरून फिरून तेच. एवढंच ठेवायचं, बाकीचं मूळ तक्त्यात राहू दे. माणूस खडूस आहे, पण प्रश्न नेमके विचारतो हे कबूल करायला हवं.

आणि एक युक्ती केली, त्याची मला फार ऐट वाटतेय. प्लॉटाची जमीन कुठली हे बघायचं तर जमिनीचा तक्ता वेगळा उघडावा लागतो, आणि तिथंच सगळा वेळ जातो. पण सभासदाच्या नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे त्याचं गावच की! जमिनीचा तक्ता उघडायलाच नको. पहिले दोन आकडे काढले, काम झालं. गोषवारा तयार व्हायचा वेळ निम्म्याहून कमी झाला. खुर्चीत बसल्या बसल्या मी एक गिरकी घेतली. शिपाई केरबामामा दारात उभे होते. ते हे उद्या सगळ्यांना सांगणार.

१३ डिसेंबर

आज हंबीररावांचा फोन आला. "मॅडम, सप्टेंबर लागणीचा ७२१९ गाववार..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पडद्यावर यादी हजर! मी एका दमात वाचत सुटले. माणूस गार पडला असणार. किती दिवस वाट बघितली होती या क्षणाची!

मग म्हणाले, "बरं." नुसतं बरं! आणि लगेच, "खडकघोळची बनाबाई आकाराम देवेकर. तिचा ऊस कुठं हाय तेवढं बगा."

एका बाईचा ऊस! मुद्दाम. गोषवाऱ्यात एकेकटी माणसं नसतात, गावं असतात, हे त्यांनी बरोबर हेरलंय. परत अकरा हजार ओळींत शिरले आणि बनाबाई शोधून काढली. "खडकघोळ," मी सांगितलं. "आडसाली, दीड एकर."

"खडकघोळ?" म्हणाले. "तपासा जरा." आणि फोन ठेवला. तपासायचं काय त्यात? नंबराचे पहिले दोन आकडे खडकघोळचेच आहेत.

१७ डिसेंबर

आज अध्यक्ष गणपतराव पाहुण्यांना घेऊन मशीन दाखवायला आले. नारळ फोडायचा हट्ट धरला. मी म्हटलं, पाणी उडेल साहेब. मग दाराबाहेर फोडला आणि हळदकुंकू मात्र आत आणून मशीनच्या कपाळावर लावलं. कपाळ म्हणजे त्यांच्या दृष्टीनं फ्लॉपी घालायची फट. दुपारभर ती मी ब्रशानं साफ करत होते.

पण काय खूश झाले म्हणून सांगू! पाहुण्यांनी एकेक गावाचं नाव घ्यायचं, मी कळ दाबायची, आकडा हजर. एका पाहुण्यांनी सगळ्या गावांचा मिळून एकरी उतारा विचारला. मी प्रत्येक गावाची सरासरी साठवलेली नाही, टन वेगळे आणि एकर वेगळे ठेवलेत. दहा एकरवालं गाव आणि हजार एकरवालं गाव यांच्या सरासऱ्यांची परत सरासरी काढली तर धडधडीत खोटा आकडा येतो. हे मी पाहुण्यांना समजावून सांगितलं. ते "व्हय व्हय" म्हणाले आणि चिवडा घेतला.

जाताना अध्यक्ष म्हणाले, "या मशीनपायी आमच्या हंबीररावानं दोन वर्सं माझं डोकं खाल्लं बगा." आणि मोठ्यानं हसले. मी हसले नाही. दोन वर्षं! म्हणजे मशीन यायच्या आधीपासूनच हा माणूस त्याच्या मुळावर उठलाय. बघून घेईन.

२२ डिसेंबर

आज परत बनाबाई. आता दिवसाआड एकदा तरी बनाबाई ठरलेली. "तिची तोड कितवी? तिचा ऊस कुठं दावतंय?" मी तरी किती वेळा सांगू? आता माझी खात्रीच पटलीय की ही त्यांच्या नात्यातली असणार. मावशी, आत्या, कुणीतरी. तिचा नंबर वर सरकवून घ्यायचा डाव आहे. आज मी स्पष्ट बोलले, "साहेब, मशीनमध्ये वशिला चालत नाही. खडकघोळची यादी लागेल तेव्हा त्यांचा नंबर लागेल."

हंबीरराव म्हणाले, "मॅडम, बनाबाई खडकघोळात ऱ्हाती. ऊस न्हाय तितं ऱ्हात."

काहीतरी विनोद केला असावा. मला काही हसू आलं नाही. मी "ठेवते साहेब" म्हणाले आणि ठेवला. फोन आपण आधी ठेवण्यात काय मजा असते ते आज कळलं.

३ जानेवारी १९८९

डिस्क भरली. वीस मेगाबाइट! आणली तेव्हा वाटलं होतं, यात सगळा जिल्हा मावेल. पुण्याहून कंपनीचा इंजिनीअर त्र्यंबक आलाय. गोड बोलतो. माझा गोषवारा बघून "वा!" म्हणाला आणि दोनदा म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

त्याचं म्हणणं असं की गोषवारा आहे ना, मग मूळ तक्ते पुसून टाका. "ते तपशील ठेवून काय लोणचं घालायचंय? प्रश्न सगळे गोषवाऱ्यातूनच सुटतायत. निम्मी डिस्क मोकळी होईल." मला पटलं. चटणी कुटून झाल्यावर मिरच्यांची देठं कोण ठेवतं? पुसायचा हुकूम टाइपही केला. बोट एंटरवर होतं.

आणि तेवढ्यात ती बाई आठवली. उद्या हंबीररावांनी बनाबाई विचारली आणि मी म्हणाले की आता सांगता येत नाही, तर? तो माणूस सभेत हेच सांगेल. "एक बाई सापडना यांच्या मशीनला." त्यांना हे सुख मी मिळू देणार नाही. हुकूम खोडला. गेल्या हंगामाच्या पावत्या फ्लॉप्यांवर उतरवून डिस्कमधून काढल्या आणि त्यावर भागवलं. त्र्यंबक म्हणाला, "एका बाईसाठी?" मी म्हटलं, "एका बाईसाठी नाही, एका माणसाच्या खडूसपणासाठी."

१० जानेवारी

आजचा दिवस सोन्याचा! हंबीरराव डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला गेलेत. फोन शांत. आणि अध्यक्षांचा स्वतःचा फोन आला, "नंदिनीताई, हंबीरराव न्हाईत, पण आपलं काय अडलंय? मशीन हाय की. सगळ्यात जास्त आडसाली उभी कुठं?"

कळ दाबली. खडकघोळ. पहिला नंबर, मोठ्या फरकानं.

"मग चार टोळ्या तिकडंच धाडू," म्हणाले. मशीनच्या शब्दावर पहिल्यांदा टोळ्या हलणार! माझ्या शब्दावर! बैलगाड्या, माणसं, मुलंबाळं, कोयते, सगळा बिऱ्हाडाचा पसारा माझ्या एका तक्त्यातल्या एका ओळीवरून उठून खडकघोळच्या वाटेला लागणार. दादांना सांगितलं तर त्यांनी साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

१३ जानेवारी, भोगी

माईनं तीळ लावून भाकरी केल्या होत्या. मी ताटावरून तशीच उठले.

खडकघोळला ऊस नाही. एक कांडं नाही. डोंगराच्या खडकावरचं गाव, नाचणी आणि भुईमूग. चार टोळ्या बैलगाड्या घेऊन चढ चढून वर गेल्या आणि माळावर उभ्या राहिल्या. बैलांना वैरण नाही, पाणी खाली नदीवर. मुकादमानं कारखान्यावर जाऊन अध्यक्षांना विचारलं, "सायेब, खडक तोडायचा का?" सगळ्या कारखान्यात आज हेच वाक्य फिरतंय. केरबामामांनी मला सांगताना नजर दुसरीकडे वळवली होती. इकडे कारखान्याच्या गव्हाणीत ऊस कमी पडला म्हणून गाळप मंदावलंय.

गोषवाऱ्याची बेरीज मी चार वेळा तपासली. बरोबर आहे. तंतोतंत बरोबर आहे आणि तिथं ऊस नाही. मला काही कळत नाहीये. क्लासच्या सरांनी परवाच विचारलं होतं, जूनपासून येणार का म्हणून. फार रडू आलं. लिहून ठेवते, कारण इथं तरी खरं लिहायचं.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी दारात जीप. आत हंबीरराव, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी हलू नका म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, आता हे सगळ्या गल्लीसमोर बोलणार. तर म्हणाले, "चला मॅडम, बनाबाई दावतो तुमाला."

त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी ड्रायव्हरला वळणं तेच सांगत होते. बिद्रीच्या पुढं गेलो, मग कच्चा रस्ता. खडकघोळच्या माळावर उभं करून त्यांनी मला खाली बघायला लावलं. नदी, आणि नदीपल्याड हिरवागार ऊस, नजर पुरेपर्यंत. "ते पाणंदवाडीचं शिवार. पर त्यातला निम्मा ऊस हितल्या लोकांचा. पुराला भिऊन घरं वर बांधली, जमिनी खाली. नदीवरनं लिफ्टचं पाणी आलं तसा समद्यांनी ऊस केला."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सभासदाच्या नंबराचे पहिले दोन आकडे. माणूस राहतो ते गाव! मी माणसं मोजली होती. कोयता माणसांवर चालत नाही.

बनाबाई खाली बांधावर भेटल्या. लहानखुऱ्या, मोठ्या आवाजाच्या. मी हळूच विचारलं, "हंबीरराव तुमचे कोण?"

"कोन म्हंजी? सायेब हायती की!" त्या म्हणाल्या. "म्हायेर माजं हे पाणंदवाडी. भाऊ न्हवता, बापानं जिमीन मला दिली. आता हितं इचारलं की म्हनत्यात, तू खडकघोळची, आदी आमच्या गावचा ऊस जाऊं दे. तितं इचारलं तर म्हनत्यात, तुजा ऊस पाणंदवाडीत, तितलं तिकडंच बग. मी कुटली म्हनायची? बगा, तुरं आल्यात, वाळून चालला. दर साली शेवटाला. माज्यावानी लई हायती बाई."

ऊस डोक्यावरून दोन हात वर गेलेला, आणि सगळ्या शेतावर पांढरे तुरे. आत पोकळ पडत चाललेला, हे मलासुद्धा कळत होतं.

परत येताना मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. दिवसाआड सांगितलं." मग डोळ्यावरची पट्टी सारखी करत म्हणाले, "आता मला तरी काय म्हाईत, तुमचं मशीन आतनं कसं मोजतंय ते? मला येवडंच कळालं, की बनाबाई जवर बरोबर जागी दिसत न्हाई, तवर काय खरं न्हाई."

त्यांना तिळगूळ द्यायचा राहूनच गेला. डबा माझ्या मांडीवरच होता.

१६ जानेवारी

आज सकाळी ऑफिसात पाय ठेवला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर मूळ तक्ता उघडून बघितला. सगळ्या ओळी जागेवर! पुसला असता तर आज माझ्या हातात नुसती चुकीच्या बरणीत भरलेली चटणी उरली असती, आणि तिच्यातून परत मिरच्या कशा निवडणार होते? मी त्या बाईच्या नावानं डिसेंबरभर किती चडफडले होते. आता तिच्या नावानं साखर वाटावी असं वाटतंय.

दिवसभर नवा गोषवारा बांधला. आता गाव सभासदाचं नाही, जमिनीच्या गट नंबरावरून शिवार काढायचं. त्यासाठी जमिनीचा तक्ता उघडावा लागतो, बांधायला जास्त वेळ लागतो. लागू दे. बांधायचा सकाळी एकदा, विचारायचा दिवसभर. वेळ नको तिथं वाचवला होता मी.

मग मनात आलं, बनाबाई म्हणाल्या तशा "लई" म्हणजे किती? मशीनला विचारलं: ज्यांचं राहायचं गाव एक आणि उसाचं शिवार दुसरं, अशी सगळी माणसं छाप. वाटलं, वीसपंचवीस निघतील. प्रिंटर करकरायला लागला. करकरतच राहिला. केरबामामा कागदाची नवी थप्पी घेऊन आले, तीही संपत आली. सातशेच्या वर बनाबाया! खडकघोळच्याच नाहीत, सगळ्या नदीकाठच्या. कुणी लग्न होऊन गेलेल्या, कुणी पलीकडे जमीन घेतलेले, कुणी डोंगरावर राहणारे. कुठल्याच गावानं यांना आधी मोजलं नव्हतं, आणि मी मोजलं ते भलत्याच ठिकाणी.

हंबीररावांना फोन केला. आकडा सांगितला. मग म्हणाले, "सातशे? मला वाटलं दोनेकशे असतील." आणि फोन ठेवायचं विसरले.

११ फेब्रुवारी

सभा. मशीन बघायचं म्हणून संचालक शाहूपुरीलाच आले. वातानुकूलित खोलीबाहेर कोल्हापुरी चपलांचा ढीग.

संचालक बाळासोंनी बसल्या बसल्याच तोफ डागली. "खडकावर टोळ्या कुनी धाडल्या त्ये आदी सांगा. मग मशीनचं बगू."

अध्यक्षांना खोकला आला. हंबीरराव उभे राहिले. "टोळ्या धाडायचं काम माझ्या खात्याचं. मी मिरजंला गेलतो, ती माझी चूक."

हे मला अजिबात सहन झालं नाही. मी म्हटलं, "नाही साहेब. गोषवारा मी चुकीचा बांधला होता. आता नीट बांधलाय." आवाज चिरका आला, पण आला.

"आता नीट कशावरनं?" बाळासो म्हणाले. "हंबीरराव, तुमी मशीनवाले. हे आना म्हनून तुमीच आमच्या मागं लागलावता. आता तुमीच सांगा, ठेवायचं का पाटवायचं?"

मशीनवाले! दोन वर्षं अध्यक्षांचं डोकं खाल्लं ते आणा म्हणून! आणि मी त्यांच्याबद्दल या वहीत काय काय लिहिलंय ते आठवून माझे कान तापले.

हंबीरराव म्हणाले, "मॅडम, पाणंदवाडीचं शिवार. उभी आडसाली, लागणीच्या तारखेवार. मोठ्यानं वाचा." गोषवाऱ्यातून शिवार गाठलं, तिथून थेट त्या शिवारापुरत्याच ओळींवर. अकरा हजारांत शिरायची आता गरजच नाही. पडदा भरला. मी वाचू लागले. पहिलं नाव पाणंदवाडीच्या एका बड्या बागायतदाराचं. दुसरं हंबीररावांनाही न आठवणाऱ्या कुणाचं. तिसरं वाचताना माझा आवाज बदलला असणार, कारण सगळ्यांनी वर बघितलं. "बनाबाई आकाराम देवेकर. राहणार खडकघोळ."

"बास," हंबीरराव म्हणाले. "ही बाई ऊस लावती तवापास्नं शेवटाला तुटताना बगतोय मी. यादी करनारा मानूस पाणंदवाडीचा आसला की पाणंदवाडी आदी. खडकघोळचा आसला की खडकघोळ आदी. मी सांगून सांगून दमलो. मानूस म्हटला की त्याला गाव आलं. ह्याला गाव न्हाई." त्यांनी मशीनकडे हात केला. "म्हनून म्हनतो, ठेवा ह्याला. आन ह्या पोरीला बी ठेवा. हिनं बनाबाई पुसली न्हाई."

हे त्यांना कुणी सांगितलं? केरबामामांनीच सांगितलं असणार. बाळासोंनी पडद्यावर बोट ठेवून तिसरी ओळ परत वाचली, अक्षर अक्षर लावत. मग म्हणाले, "ठेवा." अध्यक्षांनी पेढे आधीच आणून ठेवले होते.

मी कायम! दादांनी ऐकलं आणि विचारलं, "मग आज यंत्र काय म्हणालं?" माईनंच सांगितलं, "बघताय ना, रडतेय ती. चांगलंच म्हणालं असेल."

१७ फेब्रुवारी

दुपारी फोन. पाणंदवाडीच्या सोसायटीतून. उचलला तर इतका मोठा आवाज की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"मशीनबाई व्हय? मी बनाबाई बोलतीया! तोड लागली! आज सकाळीच टोळी आली, निम्मा फड झाला बी! ऐकाय येतंय न्हवं?"

"येतंय, येतंय!" मीही ओरडले. ऑफिसात सगळे बघायला लागले. बघू देत.

मग पलीकडे त्या कुणाला तरी विचारत होत्या, "आता काय म्हनू?" कुणीतरी हसलं. रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"मॅडम," हंबीरराव म्हणाले, "आता चिमणाबाई शंकर लाड. ऱ्हानार ठिकपुर्लीच्या वाटंवर, जिमीन कुठं ते तिलाबी धड सांगता येईना. तिचा ऊस कुठं हाय?"

"सांगते साहेब," मी म्हटलं, आणि कळ दाबली. "फोन ठेवू नका."